दाराचे पैसे

मुंबईच्या साध्या लोकलला दार असतं, ही गोष्ट रोजच्या प्रवाशाच्याही सहसा लक्षात राहत नाही. डब्याच्या भिंतीत सरकवून ठेवलेला तो पत्र्याचा पल्ला. पावसाची झड आत यायला लागली की कुणीतरी तो अर्धा ओढतं, स्टेशन आलं की दुसरं कुणीतरी मागे ढकलतं. बाकी वर्षभर तो भिंतीतच असतो. ‘मी दारात उभा होतो’ असं मुंबईकर म्हणतो, तेव्हा जिथे दार नाही अशा जागी तो उभा असतो.

३ फेब्रुवारी १९२५ रोजी तेव्हाच्या व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्यापर्यंत विजेवरची पहिली गाडी धावली. त्याला आता शंभर वर्षं उलटून गेली आहेत. या काळात लोकलमधलं जवळजवळ सगळं बदललं. तारांमधला १५०० व्होल्टचा डीसी प्रवाह जाऊन २५ हजार व्होल्टचा एसी प्रवाह आला. पश्चिम रेल्वेवर हे काम २०१२ मध्ये पुरं झालं, मध्य रेल्वेच्या हार्बर मार्गावरची शेवटची डीसी लोकल २०१६ च्या एप्रिलमध्ये धावली. चार डब्यांच्या गाड्या नऊच्या झाल्या, बाराच्या झाल्या, काही पंधराच्या. २००७ पासून पांढऱ्या-जांभळ्या नव्या गाड्या आल्या, त्यांच्या छतात बाहेरची हवा आत ढकलणारे पंखे होते. स्टेशनांची नावं डब्यात ऐकू येऊ लागली. या सगळ्या बदलांमधून दार मात्र जसंच्या तसं उघडं राहिलं.

२५ डिसेंबर २०१७ रोजी बोरिवलीहून चर्चगेटला पहिली एसी लोकल निघाली, तेव्हा मुंबईच्या लोकलचं दार आपोआप बंद झालं. बातम्या गारव्याच्या झाल्या. माझ्या मते त्या दिवशीची खरी बातमी दाराची होती, आणि गारव्याच्या बातमीत ती हरवली ती आजतागायत सापडलेली नाही. जुन्या गाड्या टप्प्याटप्प्याने काढून बंद दाराच्या नव्या गाड्या आणण्याची योजना आता समोर आहे. दोनशे अडतीस नव्या गाड्यांचा आकडा गेली काही वर्षं चर्चेत आहे. अशा वेळी हे दार नेमकं काय आहे, ते बंद करण्याचे पैसे कुणी द्यायचे, आणि सगळ्या गाड्यांची दारं बंद होईपर्यंतच्या वर्षांत उघड्या गाडीत कुणी उभं राहायचं, हे प्रश्न तंत्रज्ञांवर सोडून चालणार नाही. ते नीतीचे प्रश्न आहेत.

आधी उघड्या दाराचा हिशोब. रेल्वे पोलिसांच्या नोंदींनुसार २०२४ या एका वर्षात मुंबईच्या उपनगरी मार्गांवर अडीच हजारांच्या आसपास माणसं मेली. त्यांतली सर्वाधिक रूळ ओलांडताना, आणि पाचशेहून अधिक चालत्या गाडीतून पडून. म्हणजे सरासरी काढली तर रोज एकाहून जास्त माणूस दारातून पडून मरतो. एखाद्या पुलावरून रोज एक माणूस पडत असता, तर आठवड्याभरात त्या पुलाला कठडा बसला असता. लोकलच्या दाराला तो बसला नाही, कारण दारात उभं राहणाऱ्याविषयी आपली एक ठरलेली समजूत आहे: तो आपणहून उभा राहतो.

ही समजूत कायद्यातही आहे. रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १५६ नुसार गाडीच्या छतावरून किंवा पायरीवरून, बजावूनही, प्रवास करणं हा गुन्हा आहे. तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड. पण याच अधिनियमात कलम १२४ अ आहे. प्रवासी गाडीतून अपघाताने पडला, तर रेल्वेची चूक असो वा नसो, भरपाई द्यावी लागते. आत्महत्या, नशा, स्वतःचं गुन्हेगारी कृत्य असे मोजके अपवाद सोडले, तर ‘चूक कुणाची’ हा प्रश्नच तिथे गैरलागू ठरतो. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली हे स्पष्ट केलं. मृत्यूची भरपाई २०१७ पासून आठ लाख रुपये आहे. म्हणजे एकच कायदा दारातल्या माणसाला एका कलमात गुन्हेगार म्हणतो आणि दुसऱ्या कलमात त्याच्या घरच्यांचं देणं मान्य करतो. हा विसंवाद कायदा लिहिणाऱ्यांच्या गबाळेपणातून आलेला नाही. दारातला माणूस खरोखरच या दोन कलमांच्या मधोमध उभा असतो.

‘आपणहून’ या शब्दाकडे जरा थांबून पाहू. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याच्या टोकाशी जाऊन खाली डोकावणारा माणूसही जीव धोक्यात घालतो. त्याला आपण अडवलं तर तो म्हणू शकतो, जीव माझा, हौस माझी. त्याचं म्हणणं पटो न पटो, त्याला एक गोष्ट उपलब्ध असते: तो घरी बसू शकतो. सकाळी सव्वाआठला दिव्याच्या किंवा नालासोपाऱ्याच्या फलाटावर उभ्या असलेल्या माणसाला ती गोष्ट उपलब्ध नसते. गाडी सोडली तर पुढची गाडीही अशीच येणार. तिसरी सोडली तर लेट मार्क, तीन लेट मार्कांना अर्ध्या दिवसाचा पगार. त्याच्यापुढे पर्याय दोनच असतात, दोन्ही वाईट, आणि त्यांतल्या एकात मरणाची शक्यता इतकी थोडी दिसते की रोज ती पत्करता येते. अशा निवडीला ‘निवड’ म्हणता येतं, पण तिची जबाबदारी निवडणाऱ्यावर टाकता येत नाही.

रिकाम्या गाडीतही दांड्याला लटकून खांबांना हात लावायला जाणारी पोरं असतात, हे खरं आहे. त्यांचं उदाहरण देऊन गर्दीतल्या हजारोंना बेपर्वा ठरवणं मात्र सोयीचं आहे म्हणून केलं जातं. नऊ डब्यांची लोकल सुमारे सतराशे प्रवाशांसाठी असते आणि गर्दीच्या वेळी तिच्यात साडेचार हजारांहून जास्त माणसं चढतात. एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा माणसं. या गर्दीला रेल्वेच्याच भाषेत ‘सुपर डेन्स क्रश लोड’ असं नाव आहे. ज्या गोष्टीला खात्याने स्वतःच नाव देऊन ठेवलं आहे, ती प्रवाशाच्या बेपर्वाईतून उद्भवते असं कसं म्हणणार?

उघड्या दाराच्या बाजूनेही बोललं जातं, आणि ते ऐकून घ्यायला हवं. धावत येणाऱ्याला आतून हात मिळतो. तिघांच्या बाकावर चौथी सीट होते. कायद्यात नसलेली, पण रीतीने पक्की झालेली. अनोळखी माणसाच्या पिशव्या हातोहात रॅकवर जातात. ‘अजून एक मावेल’ हा या शहराचा न लिहिलेला करार आहे आणि उघडं दार ही त्याची खूण आहे, असं म्हणणारे लोक खोटं बोलत नाहीत. बंद दार हा करार मोडतं. ते म्हणतं, एवढेच, बाकीचे बाहेर.

पण या कराराची दुसरी बाजू त्या फलाटावरच दिसते. उघडं दार सगळ्यांना उघडं असतं का? ज्याच्या मनगटात जोर आहे, ज्याला गाडी थांबण्याआधी उडी मारता येते, ज्याला वीस सेकंदांत खांद्याने वाट काढता येते, त्याला ते उघडं असतं. सात महिन्यांच्या गरोदर बाईला, गुडघे दुखणाऱ्या आजोबांना, पाठीवर दप्तर असलेल्या शाळकरी मुलीला तेच दार माणसांच्या भिंतीने बंद झालेलं असतं. विरार गाडीत चढून बोरिवलीला उतरू पाहणाऱ्याला विचारा. बायकांसाठी वेगळे डबे ठेवावे लागले आणि १९९२ मध्ये चर्चगेट–बोरिवली अशी खास महिलांची आख्खी गाडी सुरू करावी लागली, ती काय उघडं दार सगळ्यांचं होतं म्हणून? ‘अजून एक मावेल’ हे खरंच, पण तो एक कोण हे ताकद ठरवत आली आहे. त्यामुळे बंद होणाऱ्या दारासाठी गळा काढायची मला गरज वाटत नाही. शिस्तीत लागलेली रांग आणि वेळेवर मिटणारं दार अशक्तांना जास्त न्याय देऊ शकतं.

‘देऊ शकतं’ म्हणालो, ‘देतं’ म्हणालो नाही. कारण इथेच पैशाचा मुद्दा येतो.

दार बंद केलं की हवा बंद होते. इतक्या दाटीत, मुंबईच्या दमटपणात, दारं लावून नुसत्या पंख्यावर माणसं गुदमरतील. म्हणून बंद दाराच्या गाडीला थंड हवेचं यंत्र लागलं. क्रम असा आहे: आधी सुरक्षितता, तिच्यापोटी दार, दारापोटी एसी. तिकीटखिडकीवर मात्र हा क्रम उलटा झाला. तिथे एसी पहिला आला. एसी म्हणजे चैन, आणि चैनीचा दर वेगळा. ५ मे २०२२ पासून एकेरी तिकिटाचे दर निम्मे केले गेले, तरी किमान अंतराचं एसी तिकीट साध्या लोकलच्या पाच रुपयांच्या तिकिटाच्या सहा-सात पट राहिलं. ज्यावर बहुसंख्य लोक खरोखर प्रवास करतात त्या मासिक पासाला तर ती सवलतही मिळाली नाही. प्रवाशाला वाटतं, आपण गारव्याचे पैसे देतोय. प्रत्यक्षात त्यात दाराचे पैसेही असतात, आणि ते कुणी वेगळे काढून दाखवत नाही.

यातून एक नवी गोष्ट घडली. लोकलमध्ये वर्ग पहिल्यापासून आहेत. गांधीजींनी १९१७ साली तिसऱ्या वर्गाच्या प्रवासाच्या हालांवर लिहिलं, तेव्हा त्यांनी भाडं आणि सोय यांच्या प्रमाणाचा प्रश्न उभा केला होता: पहिल्या वर्गाचा प्रवासी जितके पट जास्त देतो, त्याच्या कितीतरी पट जास्त सोय त्याला मिळते. पुढे तिसरा वर्ग नावापुरता गेला, पण लोकलमध्ये पहिला आणि दुसरा राहिले. पहिल्या वर्गाला गादी होती, जरा कमी गर्दी होती. दार मात्र दोघांचं सारखंच उघडं होतं. पहिल्या वर्गाचा पास काढलेला माणूसही दारातून पडू शकत होता, आणि पडतही होता. मुंबईच्या लोकलमध्ये पैशाने गादी मिळे, हवा मिळे, शेजार मिळे. दारातल्या मरणापासून सुटका मिळत नसे. २०१७ नंतर ती विकत मिळू लागली. वर्ग आणि जीव यांची गाठ पहिल्यांदा इथे बसली.

सोयीचे वर्ग असावेत की नसावेत यावर वाद होऊ शकतो, आणि मला त्यात फार कडक भूमिका घ्यावीशी वाटत नाही. नाटकाला पुढच्या रांगेचं तिकीट महाग असतं, त्यात अन्याय दिसत नाही. पण आग लागल्यावर बाहेर पडायचं दार फक्त पुढच्या रांगेसाठी उघडतं असं नाट्यगृह आपण चालू देणार नाही. नाट्यगृहात बसणारा प्रत्येक जण, तिकीट कितीचंही असो, त्या दाराचा सारखाच हक्कदार असतो. सार्वजनिक सेवेत सोय विकता येते, जीव वाचण्याची हमी विकता येत नाही. कारण ती विकली की न घेणाऱ्याचं मरण ही त्याची ‘न केलेली खरेदी’ ठरते. आधी म्हणत होतो, तो आपणहून दारात उभा राहिला. आता म्हणू, त्याने एसीचा पास काढला नाही.

यावर खर्चाचं उत्तर दिलं जातं, आणि ते पोकळ नाही. एसी गाडी बनवायला महाग, चालवायला महाग, तिला वीज जास्त लागते. साध्या लोकलचं भाडं मुळात खर्चाच्या खाली आहे. तोटा कुणीतरी सोसतोच. मग जास्त देऊ शकणाऱ्याकडून जास्त घेतलं तर बिघडलं काय? बिघडत नाही, त्या जास्तीच्या पैशातून सगळ्यांची दारं लवकर बंद होणार असतील तर. पण त्या गाड्या चालवायला जुन्याच वेळापत्रकात जागा काढावी लागते. मुंबईचे रूळ भरलेले आहेत. गर्दीच्या वेळी दोन गाड्यांमध्ये जेमतेम काही मिनिटांचं अंतर, त्यामुळे एसी फेरी वाढवायची म्हणजे बहुतेक वेळा साधी फेरी काढायची. म्हणजे एसीच्या प्रवाशाने पैसे दिले आणि साध्या प्रवाशाने आपली गाडी दिली. या दुसऱ्या किमतीची पावती कुणाला मिळत नाही.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये नेमकं हेच घडलं. मध्य रेल्वेवर दहा एसी फेऱ्या साध्या फेऱ्यांच्या जागी आल्या. कळव्याच्या कारशेडजवळ प्रवाशांनी एसी लोकल अडवली, पुढच्या काही दिवसांत बदलापुरातही प्रवासी संतापले, आणि आठवड्याभरात त्या दहा फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. त्या वेळी पुष्कळांनी नाकं मुरडली: या लोकांना सुधारणा नकोच, घामातच राहायचंय. पण रुळावर उतरलेल्या माणसांची तक्रार थंड हवेबद्दल नव्हती. त्यांची रोजची गाडी गेली होती आणि तिच्या जागी आलेल्या गाडीचा पास त्यांच्या खिशात नव्हता. मागची साधी गाडी त्यामुळे आणखी भरणार होती, म्हणजे तिच्या दारात आणखी माणसं लटकणार होती. बंद दाराची गाडी आली आणि तिने शेजारच्या गाडीचं उघडं दार अधिक धोक्याचं केलं. सुरक्षितता वाढली नाही, धोका सरकवला गेला. देऊ शकणाऱ्याकडून न देऊ शकणाऱ्याकडे.

मग ९ जून २०२५ ची सकाळ आली. दिवा आणि मुंब्रा यांच्यामधल्या वळणावर एकमेकींना ओलांडणाऱ्या दोन गच्च लोकलच्या दारांतली माणसं रुळांवर पडली. चार जण त्याच दिवशी दगावले. त्यानंतर रेल्वेने जे जाहीर केलं ते या चर्चेच्या दृष्टीने फार महत्त्वाचं आहे. साध्या, बिनएसी लोकललाही आपोआप बंद होणारी दारं बसवायची. हवेसाठी दारांना झडपा ठेवायच्या, छतातून ताजी हवा आत सोडायची, आणि गर्दी पसरावी म्हणून एका डब्यातून दुसऱ्यात जाता येईल अशी वाट करायची. अशी गाडी किती चांगली चालेल ते चालल्यावर कळेल. पण या घोषणेने एक गोष्ट कबूल केली: दार आणि गारवा वेगळे करता येतात. आणि ते वेगळे करता येत असतील, तर इतकी वर्षं त्यांची एकत्र किंमत का लावली, याचं उत्तर द्यावं लागतं.

दार बंद करण्याचं समर्थन करणाऱ्यांनीही, म्हणजे माझ्यासारख्यांनीही, एक गोष्ट लपवू नये. दार बंद झालं की फलाटावर माणसं उरतात. एसी लोकलची दारं मिटल्याशिवाय गाडी हलत नाही. गर्दीच्या वेळी ती मिटवायला बाहेरून माणसं ढकलावी लागतात. साडेचार हजारांतली जी माणसं आजवर दारात, पायरीवर, एका दांड्याच्या आधाराने जात होती, ती कुठे जाणार? उघडं दार ही शहराची उधारी होती. गाड्या कमी, रूळ कमी, घरं लांब आणि कचेऱ्या एका टोकाला. ही सगळी तूट दारातल्या माणसाने रोज स्वतःच्या अंगावर घेऊन फेडली, म्हणून ती कुणाच्या ताळेबंदात दिसली नाही. दार मिटलं की ती तूट फलाटावर उभी राहते, सगळ्यांना दिसेल अशी. आता ती मरणाऐवजी ताटकळण्याच्या रूपात आहे, आणि मरणापेक्षा ताटकळणं केव्हाही बरं. पण ताटकळण्याची वाटणीही न्यायाने व्हायला हवी. रोज तोच माणूस मागे राहणार असेल आणि तो मागे राहण्याचं कारण त्याचा पास असेल, तर दाराने फक्त जुन्या अन्यायाची जागा बदलली.

म्हणून मला सगळ्यात कळीचा प्रश्न मधल्या वर्षांचा वाटतो. एवढ्या गाड्या एका रात्रीत बदलत नाहीत. पुढची बरीच वर्षं एकाच रुळावर, दहा-दहा मिनिटांच्या अंतराने, बंद दाराची आणि उघड्या दाराची गाडी धावत राहणार. त्या काळात नवी गाडी आधी कुणाला द्यायची? आजवरचं उत्तर, जो पैसे देईल त्याला, असं होतं. याहून बरं उत्तर अवघड नाही: जिथे माणसं जास्त पडतात तिथे. रेल्वे पोलिसांकडे कोणत्या दोन स्टेशनांमध्ये, दिवसाच्या कोणत्या वेळी किती जण पडले, याची नोंद असते. ती नोंद वेळापत्रकाच्या टेबलावर ठेवली, तर पहिली बंद दाराची गाडी दुपारच्या सुखाच्या वेळेत धावणार नाही; ती सकाळी कर्जत-कसाऱ्याकडून, विरारकडून निघेल, साध्या पासावर चालेल, आणि साध्या फेरीच्या जागी आली तरी तिच्यातून कुणी वगळला जाणार नाही. गारवा ज्याला हवा त्याने त्याचे पैसे जरूर द्यावेत. दाराचे पैसे आपण सगळ्यांनी मिळून द्यायचे, जे कधीच लोकलने जात नाहीत त्यांनीसुद्धा. कारण ज्या कचेऱ्या, दुकानं, इस्पितळं, स्वयंपाकघरं त्यांच्यासाठी वेळेवर उघडतात, ती उघडणारी माणसं याच दारातून येतात.

जुन्या गाड्यांना एक ना एक दिवस शेवटची फेरी असणारच. डीसी लोकलच्या शेवटच्या फेरीला लोक हार घेऊन आले होते, तसे तेव्हाही येतील, फोटो काढतील, आठवणी लिहितील. ते योग्यच आहे; या गाड्यांनी शहर उभं केलं. पण त्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळपर्यंत कुणीतरी त्यांच्या दारात एका हाताने दांडा धरून उभा असेल. तो तिथे योगायोगाने असेल, की आपण त्याला रांगेत शेवटचा ठेवला म्हणून, हे आज नव्या गाड्यांचं वेळापत्रक लावताना ठरतं आहे.